घोडीचं पांघरूण

भूकंप झाला त्या वर्षी मी देगलूरहून लातूरला येऊन बारावीचे क्लास करत होते. माझ्या खोलीला लागूनच एका टांगेवाल्यांचा तबेला होता. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही मुली त्यांना चाचा म्हणायचो आणि त्यांच्याच टांग्यातून क्लासला जायचो.

भूकंपात तबेल्याचा पत्रा घोडीच्या पाठीवर पडला होता. जखम भरली. टांग्याला ती निमूट जुंपून घ्यायची, पण तबेल्यात अंगावर काही टाकलं की थरथरायची.

थंडी वाढली तशी चाचांनी पांघरुणं आणून बघितली. घोंगडी तिला टोचली, जाड ब्लँकेटच्या वजनाला ती बिचकली. शेवटी त्यांनी चाचींच्या जुन्या साड्यांची हलकी गोधडी निवडली. पण घोडीला न घालता स्वतःच पांघरून ते तिला चारा घालू लागले.

"चाचा, थंडी तिला अन् गोधडी तुम्हाला?" मी हसून विचारलं.

"तिला थंडीचं न्हाई बेटी, वरून काही अंगावर पडायचं भ्या हाय. आधी माझ्या अंगावर बघू दे. गोधडी काही करत न्हाई, हे कळू दे तिला."

एका सकाळी घोडीला टेकून त्यांनी गोधडीचं टोक हळूच तिच्या पाठीवर सरकवलं. तिची कातडी थरारली. मग मान खाली घालून ती कडबा खाऊ लागली. एकाच गोधडीत दोघं उभी होती.

बाहेर मुली उशीर होतोय म्हणून हाका मारत होत्या. चाचांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी बाहेर जाऊन सगळ्यांना गप्प केलं, आणि त्या दिवशी आम्ही चालतच क्लासला गेलो.