स्टेपनीबाईंचं पोस्टर

पियानोवादक म्हणून तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं, पण देशोदेशीच्या पियानोवादकांची दुखणी तिला तोंडपाठ होती. कुणाची कंबर, कुणाचं मनगट, कुणाचं नुसतंच मन. वाद्यवृंदातली मंडळी तिला प्रेमाने ‘स्टेपनी’ म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे.

घरात पियानो आला तो काही संगीतासाठी नव्हे. मावशीकडे होता, म्हणून वडिलांनीही एक जुना उचलून आणला आणि दार उघडताच आधी तोच दिसेल असा ठेवला. वर फुलदाणी, घरच्यांचे फोटो, खाली क्रोशाचा रुमाल. सात वर्षांच्या लेकीने हा सगळा संसार जमिनीवर उतरवून झाकण उघडलं, तेव्हा आई धावत आली आणि तिने आधी फुलदाणी शाबूत आहे ना, ते पाहिलं. लेक बरी वाजवते हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

शिक्षिका भेटली ती सडेतोड. “हात उत्तम आहेत तुझे, पण चेहऱ्याचं काय करायचं? वाजवताना तू भाजी निवडत असल्यासारखी दिसतेस.”

पुढे मोठ्या स्पर्धेत पहिला आला तो दर सुराला मान मागे टाकून डोळे मिटणारा एक मुलगा. ही दुसरी. त्याच्यात वेदना आहे, असं परीक्षक म्हणाले. होतीच. काही वर्षांनी ती त्याच्या पाठीत उतरली.

तोवर तो जगभर गाजला होता आणि ही शाळेत मुलांना बोटं कशी ठेवायची ते शिकवत होती. एका दुपारी ती कपडे वाळत घालत असताना सभागृहाच्या व्यवस्थापकाचा फोन आला.

“त्यांची पाठ धरलीय. आज संध्याकाळी तुम्ही वाजवाल का?”

“काय वाजवायचंय?”

“पोस्टरवर आहे तेच.”

“पोस्टर काही मी पाहिलं नाही बाई,” ती म्हणाली. जाता-येता रोज पाहत होती.

संध्याकाळी बदलीची घोषणा झाली आणि भरल्या सभागृहाने एकदम उसासा टाकला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर उठायला म्हणून पर्स उचलली. ही शांतपणे गेली, स्टूल खाली केलं आणि सुरू झाली. लोक आधीच नाराज, आता आणखी काय बिघडणार? तिने असं काही मोकळेपणाने वाजवलं की त्या बाई पर्स हातात धरून शेवटपर्यंत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी समीक्षकाने अर्धं पान त्या थोर पाठीच्या काळजीत घालवलं आणि शेवटी लिहिलं, ‘बदली वादिकेने वेळ निभावून नेली.’

मग हेच तिचं करिअर झालं, कारण थोरांची तब्येत मुळातच नाजूक. नवरा भूगोलाचा शिक्षक. बायकोची बॅग भरण्यात तो तरबेज झाला. सासूबाईंना तर नादच लागला. सकाळी पेपर उघडायचा आणि चष्म्यावरून सुनेकडे बघायचं.

“अगं, त्या उंच वादकाचं लग्न मोडलं म्हणे. तो काही येत नाही पुढच्या महिन्यात. तू त्याचं काय ते काढून ठेव बघू.”

“आई, कुणाचं वाईट चिंतू नये.”

“मी कुठे चिंततेय? मी वाचतेय.”

तिची पन्नाशी उलटली त्या वर्षी सभागृहाचा वर्धापनदिन होता. मोठे कलाकार झाडून सगळे दुसरीकडे गुंतलेले. तेव्हा व्यवस्थापकाला साक्षात्कार झाला की या गुणी बाईचा गौरव राहूनच गेलाय! शहरभर तिची पोस्टरं लागली. फोटोत सुरकुत्या पुसताना नाकही थोडं पुसलं गेलं होतं.

ती स्टेजवर आली आणि एक सूर वाजायच्या आधीच लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. असं तिच्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं. हात गार पडले. ही सगळी माणसं आपल्यासाठी आलीत, या विचाराने दुसऱ्या भागात डावा हात दोनदा घसरला आणि शेवट तिने कसाबसा उरकला. लोक पुन्हा उभे राहिले. समीक्षकाने अख्खं पान लिहिलं. घसरलेल्या हातात त्याला परिपक्वता दिसली.

नवऱ्याने ते पान जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई भात कालवत म्हणाल्या, “मला काल डुलकी लागली गं. इतक्या वर्षांत तू वाजवताना कधी लागली नव्हती.”

“आई!” नवरा ओरडला.

ती मात्र खुर्चीत मागे रेलून पोटभर हसली. “मलाही लागली असती हो, पण मी वाजवत होते ना.”

ताटं उचलून ती पियानोपाशी बसली आणि नुसत्या डाव्या हाताने तो दुसरा भाग सावकाश घोटू लागली. तेवढ्यात व्यवस्थापकाचा फोन आला. पुढच्या हंगामात तिच्या एकटीच्या नावाने तीन कार्यक्रम ठेवायचे होते. नाही म्हणायला ती काही संत नव्हती.

“करते की,” ती म्हणाली. “फक्त पोस्टर उशिरा लावा.”

“किती उशिरा?”

“त्याच दिवशी दुपारी लावलं तरी चालेल.”

बाई मजेशीर आहेत, असं समजून व्यवस्थापक खूप हसला आणि त्याने पोस्टर महिनाभर आधी लावलं. पहिला कार्यक्रम यथातथाच झाला. दुसऱ्याला हात जरा उबदार होते. तिसऱ्याला सासूबाई टक्क जाग्या होत्या.