पूजेला ठेवलेली कादंबरी

सरस्वतीपूजेच्या दिवशी पुस्तक वाचायचं नाही, पूजेला ठेवायचं. लग्न होऊन चेन्नईच्या या तंजावरी घरात आले तेव्हापासून सासूबाईंचा हा नियम मी पाळत आले. त्या वर्षी पोथ्यांवर माझी अर्धवट वाचलेली कादंबरी होती. नवख्या लेखकाची पहिलीच. तिच्यातलं यंत्र एके दिवशी आपोआप शहाणं होतं आणि माणसांची कामं बळकावतं. आपोआप म्हणे. मला राग त्याचाच येत होता.

फुलं वाहता वाहता सासूबाई म्हणाल्या, "वाचू नकोस, पण गोष्ट सांगायला काय हरकत आहे?"

मी सांगितली. त्यांनी विचारलं, "पण त्या यंत्राला शिकवलं कोणी?"

लेखकानं ते लिहिलंच नव्हतं. गिंडीच्या आमच्या ऑफिसात डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं पूर्वी आम्ही टाइप करायचो. आता ते काम एक यंत्र करायचं, आम्ही फक्त त्याच्या चुका दुरुस्त करायचो, आणि महिन्यागणिक त्या कमी होत होत्या.

पूजेच्या दिवशी सुट्टी, म्हणून आदल्याच दिवशी ऑफिसात यंत्रांची आयुधपूजा झाली होती. त्या यंत्राला गंध-कुंकू मीच लावलं होतं.