कुंपणाआतलं पाणी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान गावात आम्ही राहायचो, तेव्हा मी तिथल्या नव्या जलतरण तलावावर पोहायला शिकत होते. माझ्याबरोबर डोरथी शिकायची. सत्तरी ओलांडलेली कृष्णवर्णीय बाई. एका सकाळी ती पाण्यात कठडा घट्ट धरून उभी होती.

“एवढी भीती वाटते, तर कशाला हा त्रास?” मी विचारलं.

“लहानपणी या गावात असाच तलाव होता, पण फक्त गोऱ्यांसाठी,” ती म्हणाली. “आम्ही काळी मुलं कुंपणाबाहेरून बघायचो. पुढे कायदा बदलला, आम्हालाही आत सोडावं लागणार होतं. तेव्हा गावानं तलावच मातीनं बुजवला. त्या उन्हाळ्यात माझा भाऊ नदीवर पोहायला गेला आणि बुडाला.”

इतिहास म्हटलं की मला मोर्चे आणि भाषणं आठवायची. तो असा एखाद्या घरातही शिरतो आणि एका बाईला जन्मभर पाण्यापासून लांब ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं.

डोरथीनं कठडा सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, तिनं तो परत धरला. तिनं पुन्हा सोडला. मी घाईनं हात पुढे केला.

“धरू नकोस,” ती म्हणाली, आणि आभाळाकडे तोंड करून पाण्यावर आडवी झाली.