लांडग्याचं नाव

लिथुआनियातल्या त्या जंगलकडेच्या गावात नाताळानंतरच्या थंडीत लांडग्याचं नाव कुणी घेत नाही. घेतलं की तो मेंढवाड्याशी हजर. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात, तशातलाच प्रकार. म्हाताऱ्या अगोताच्या घरात तर पर्यायी नावही नव्हतं. लांडग्याचा विषय निघाला की जंगलाकडे नुसती मान उडवायची.

पण अगोता म्हणजे जुन्या शब्दांचं कोठार, अशी तिची ख्याती. शहरातून रिमविदास नावाचा भाषेचा अभ्यासक दर हिवाळ्यात यायचा, तिच्या हातची कुट्टूची भाकरी खायचा आणि कार्डांवर शब्द टिपून न्यायचा. असल्या भीतीपायीच जनावरांची मूळ नावं हरवली, असं तो सांगे. कुठे अस्वलाचा 'मध खाणारा' झाला, कुठे 'तपकिरी', आणि संस्कृतापासून इथपर्यंतच्या भाषांत सगळा गुंता होऊन बसला. एका हिवाळ्यात त्यानं विचारलं, "आजी, थंडीत तुम्ही लांडग्याला काय म्हणता?"

काहीच म्हणत नाही, एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण 'नाही' म्हणायला बाईची जीभ रेटेना. ती म्हणाली, "दुर्दुलिस."

दुर्दुलिस हा लांडगा नव्हेच. तो सिल्वेस्त्रास, गावचा लंगडा गुराखी. त्याची काठी आणि फरपटणारा पाय यांच्या आवाजावरून गाव त्याला पाठीमागे तसं म्हणे. ते नाव ठेवलं होतं अगोतानंच, सतराव्या वर्षी, मैत्रिणींना हसवायला. पन्नास वर्षं ते त्याला चिकटून होतं.

पुढच्या हिवाळ्यात रिमविदासचं शब्दांचं पुस्तक छापून आलं. वाचनालयात मोठ्यानं वाचलं गेलं: दुर्दुलिस, लांडग्याचं अतिप्राचीन नाव, सांगणारी अगोता. लोक फिदीफिदी हसले. सिल्वेस्त्रास शेगडीजवळच बसला होता. अगोताला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. घरी येऊन तिनं रिमविदासला पत्र लिहिलं, मी खोटं बोलले, तो शब्द काढून टाका.

पत्र बंद करतेय तोच दारात काठी वाजली. सिल्वेस्त्रासनं पनीरचा गोळा टेबलावर ठेवला आणि टोपी काढली.

"मी टपालकचेरीकडेच निघालोय. काही टाकायचंय का?"

अगोताच्यानं राहवेना. "ते नाव लांडग्याचं नाही रे. मीच ठेवलेलं, तुझ्या पायावरून. तसं पत्रात लिहिलंय."

"तू ठेवलंस ते ठाऊक आहे मला. त्या दिवशी मी कुंपणापलीकडेच होतो."

इतकी वर्षं हा माणूस तिच्या मेंढ्या राखत होता, तिच्या दारात पाणी पीत होता. तिला मान वर करता येईना. लाज म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

"पत्र मात्र टाकू नकोस," तो म्हणाला. "आपण दोघं गेल्यावर ते पुस्तक राहील. त्यात मी लांडगा आहे. लंगडा नाही."

तिनं पत्र चुलीत घातलं. रिमविदास पुढेही येत राहिला, त्या शब्दाचं चारचौघांत कौतुक करत राहिला, आणि प्रत्येक वेळी अगोता खाली मान घालून भाकरी वाढत राहिली.