गप्पी माशांचं वाण

वसाहतीत बन्सीला सगळे 'गप्पीवाले मामा' म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. बिडकीनकडची जमीन तरुणपणीच कारखान्यांसाठी गेली, तसा तो बायकोला, साळूबाईला घेऊन शहराच्या कडेला राहायला आला आणि मलेरियाच्या फवारणी पथकात लागला. पण त्याचा खरा जीव डासांच्या अळ्या खाणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या गप्पी माशांत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून घरोघरी हौद. साठलेलं पाणी म्हणून डासांच्या अळ्या. आणि अळ्या म्हणून बन्सी. निवृत्त झाल्यावरही वसाहतीमागच्या जुन्या बारवेतले मासे आणून तो हौदांत सोडत फिरे. परक्या हौदात डोकं घालायला त्याला कधी संकोच वाटला नाही.

दुष्काळ लागोपाठ दुसऱ्या वर्षीही आला आणि २०१५च्या दिवाळीतच बारवेचा तळ दिसू लागला. बन्सीनं दोन दिवस बादल्या वाहून सगळे गप्पी आपल्या अंगणातल्या हौदात आणले. हे मरते तर पुढच्या पावसाळ्यात सोडायला बी उरलं नसतं, आणि डेंग्यूनं मागच्याच साली गल्लीतल्या चार घरांना दवाखाना दाखवला होता.

"लोक हौद घासत्यात अन् मासे गटारात जात्यात," त्यानं जाहीर केलं. "पाऊस पडस्तोवर एक बी गप्पी भाईर जाणार नाय."

तरीही हौदातले मासे कमी होत चालले. बन्सीला मांजराचा संशय आला, मग खंड्या पक्ष्याचा. काठी घेऊन तो आठवडाभर पहाऱ्याला बसला. चोर सापडला साळूबाईला, तोही भांडी घासता घासता.

"मांजर कशाला खातंय? मोठे मासेच पिल्लं गिळायलेत. दाट झालेत लई. बाजरी दाट उगवली की विरळणी करतो का नाय आपण? ह्यांना ना अळ्या पुरत्यात, ना पिल्लांना लपायला जागा."

"आता तू मला गप्पी शिकव," बन्सी म्हणाला.

साळूबाई वाद घालत बसणारी नव्हती. संक्रांतीला तिनं हळदीकुंकू केलं. बाकीच्या बायका प्लास्टिकच्या वाट्या वाटत होत्या. हिनं प्रत्येकीच्या हातात पाण्यानं फुगलेली पिशवी दिली, आत सहा गप्पी. बायका हसून हसून बेजार झाल्या. निवृत्त कारकून व्यंकटरावांच्या कालिंदीबाई शुद्ध शाकाहारी. त्यांनी पिशवी दोन बोटांत लांब धरली. पण हळदीकुंकवाचं वाण नाकारता येत नाही आणि गटारात तर मुळीच टाकता येत नाही. साळूबाईची सगळी भिस्त त्यावरच होती.

बन्सी तेव्हा शहागंजच्या बाजारात हौदावर टाकायला जाळी आणायला गेला होता. परत येऊन त्यानं निम्मे मासे गेलेला हौद पाहिला आणि तीन दिवस अबोला धरला. तिळाचे लाडू मात्र खाल्ले, तेही रागारागानं.

एप्रिलमध्ये टँकरचं पिवळट पाणी हौदात पडलं. बन्सीनं उभ्या नोकरीत विहिरींत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर टाकलेली; हाताला सवय. कोपऱ्यातला पावडरीचा डबा उचलून त्यानं दोन मुठी हौदात टाकल्या आणि चहा प्यायला आत गेला. बाहेर आला तेव्हा सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. गप्पीवाले मामा हौदाच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले. साळूबाईनं पदर खोचून मेलेले मासे काढायला घेतले, हे तिचं मोठेपण.

दुसऱ्या दिवशी तो वाण गेलेल्या दारोदारी हिंडला. एका घरचा हौद कोरडा ठणठणीत, दुसऱ्या घराला कुलूप. तिसरं घर व्यंकटरावांचं. तिथं फारशी आशा नव्हतीच. त्यानं सवयीनं हौदात डोकं घातलं आणि तसाच वाकून राहिला. पाणी पिल्लांनी नुसतं वळवळत होतं.

"दर आठवड्याला त्यांना घंगाळात काढते, मग हौद घासते," कालिंदीबाई म्हणाल्या. "माशांसाठी चहाची गाळणी वेगळी ठेवलीय हो. यंदा एक डास नाही आमच्याकडे."

"ताई, माझे सगळे मेले. माझ्याच हातानं," बन्सी म्हणाला. "तांब्याभर द्या."

"वाण परत मागायचं नसतं, मामा." बन्सीचा चेहरा उतरलेला पाहून त्यांना हसू आलं. "उद्या आमच्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. साळूबाईंना पाठवा. आणि सोबत कॅन द्या, मोठा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बन्सीनं चार वेळा धुऊन पुन्हा भरलेल्या हौदाजवळ येरझाऱ्या घातल्या. साळूबाई आली ती कपाळभर हळदीकुंकू, ओटीत भिजवलेले हरभरे आणि काखेत कॅन घेऊन. त्यानं हात पुढे केला. तिनं कॅन दिला नाही. हौदात मोजून वीस मासे सोडले आणि झाकण लावलं.

"अन् बाकीचे?"

"बाकीचे चंपाबाईकडं, दगडाबाईकडं, अजून धा घरं हायेत. येताय का?"

बन्सीनं तिच्या हातातला कॅन घेतला. ती पुढं झाली, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून तो जपून पावलं टाकत तिच्या मागं निघाला. त्या उन्हाळ्यात इतका खूश तो कुणालाच दिसला नव्हता.