फळीचं गाऱ्हाणं

रत्नागिरीच्या बाजारात सावित्रीकाकी नागवेकरांचं दुकान कुठे, असं विचाराल तर लोक कापडवाल्याच्या पायरीकडे बोट दाखवतील. तिथे दुकान नाही, नुसती फळी आहे. फणसाच्या लाकडाची, गटारावर टाकलेली. अलीकडे कापडवाला, पलीकडे घड्याळवाला, आणि मधल्या फटीत काकी, तिचे नारळ, आमसुलं आणि तळलेले गरे. सकाळी खाडीपलीकडच्या भाट्याहून, घरून यायचं, फळीला हात लावून कपाळाला लावायचा, की मग दिवसभर जिभेला विश्रांती नाही. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणणार, "माडाला जाऊन विचार बाबा. तो वाकला तर मी पण वाकीन."

फळी बसवली तिच्या नवऱ्याने, धोंडूने. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण बाजार त्याला विसरला नाही तो त्याच्या गाऱ्हाण्यामुळे. शिमग्यात पालखी बाजारात आली की नारळ हातात धरून देवापुढे सगळ्यांचं सुखदुःख मांडायचं काम त्याचं. तो एकेक वाक्य खणखणीत टाकायचा आणि मागून अख्खा बाजार एका सुरात "होय महाराजा" म्हणायचा. त्याच्यामागे ते कोणाला धड जमलं नाही. काकीला शब्द न् शब्द पाठ होता. पण बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं म्हणतात, म्हणून पालखीपुढे ती तोंड मिटून उभी राहायची. एरवी तिचं तोंड मिटलेलं कोणी पाहिलेलं नाही.

यंदा वरून हुकूम आला. दुकानापुढे गटारावर जे काही येईल, पायरी असो, पत्रा असो की फळी, त्यावर नवा कर, आणि सगळ्यांना सारखाच. बाजार पेटला. तरी बाकीच्यांची फळी म्हणजे दुकानाचं शेपूट, कापलं तरी जनावर जगतं. काकीचं तर शेपूट हेच जनावर. कर भरायचा तर हाती करवंट्या उरणार, नाही भरायचा तर धोंडूची फळी उचलून भाट्याला माशा मारत बसायचं. दोन्हीतलं एकही तिला मान्य नव्हतं, आणि तसं तिने गल्लीत प्रत्येकाला ऐकवलं होतं.

मोर्चाच्या दिवशी बाजार कडकडीत बंद. माणसं मात्र एवढी की गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही. कोणीतरी शिमग्याचा ढोल काढून आणला होता. तो वाजला आणि एरवी गल्ला सोडून न उठणारे शेठही नाचायच्या बेतात आले. व्यापाऱ्यांचा पुढारी हर्षद, मोबाइलच्या दुकानाचा मालक, निघताना काकीकडे आला.

"काकी, शुभारंभाला एक नारळ द्या. फोडूया."

"ह्यो फोडायचा नाय. नवसाचा हाय. काम झाल्यावर फोडतात, मेल्या."

आणि तो नारळ पदराखाली घेऊन काकी मोर्चात पहिल्या रांगेत चालू लागली.

करकचेरीच्या अंगणात तिथले मोठे साहेब स्वतः पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. देवरूखकडचे होते, शांत डोक्याचे. हर्षद मोबाइलमध्ये बघून बोलू लागला. पोरगा हुशार, पण "सदर करआकारणी अन्यायकारक असून" इथेच लोकांच्या माना पेंगू लागल्या. ढोलवाला ढोलावरच टेकला. मागचे चहाच्या टपरीकडे सरकू लागले. काकीला धोंडूची फळी पाण्यात वाहून चाललेली दिसू लागली. तिला राहवेना. तिने नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"हे देवा महाराजा!"

अंगण थबकलं. बाईचा आवाज, पण चाल धोंडूचीच.

"आज तुजी बाजारातली लेकरं तुज्या पायाशी गोळा झालीत, महाराजा."

"होय महाराजा!" सवयीने आवाज उठला आणि टपरीकडे गेलेले धावत परत आले.

"कोण सुई इकतो, कोण गरे इकतो. घाम गाळून खातो, कोणाचं लुबाडून खात नाय."

"होय महाराजा!"

"ह्या सायबाच्या मनात काय वाकडं असंल तर सरळ कर, त्याच्या पोराबाळांना सुखी ठेव."

"होय महाराजा!" आता ढोलावर काठीही पडली. साहेबांचे ओठसुद्धा हलले, हे काकीने एका डोळ्याने पाहिलं.

साहेब खूश झाले. हात वर करून म्हणाले, "गाव नीट चालावं असं सगळ्यांनाच वाटतं ना?"

"होय महाराजा!"

"गटारं, दिवे, रस्ते, सगळं हवं ना?"

"होय महाराजा!"

"मग कर भरायला हवा ना?"

"होय महाराजा!"

एवढा दणदणीत होकार त्या कचेरीला कधी मिळाला नसेल. मग आपण काय बोललो ते लोकांच्या ध्यानात आलं. हर्षदने कपाळाला हात लावला.

"तुम्हीच बोललात बरं का," साहेब हसत म्हणाले.

काकीला वाटलं, आपल्याच तोंडाने आपण फळी घालवली, धोंडूला काय सांगायचं? पण हातातल्या नारळाचा भार तिला जाणवला आणि ती पायऱ्या चढून वर गेली.

"सायब, नारळ हातात नसताना घातलेलं गाऱ्हाणं देवाला पोचत नाय. तुमच्या घरीपण ह्योच रिवाज असंल."

"आहे," साहेब म्हणाले.

"मग ह्यो घ्या. आणि बोला, ह्या बाईच्या फळीला आणि शेठच्या दुकानाला सारखाच कर, ह्यो न्याय हाय. देवासमोर बोलाल तर मी एकटी होय महाराजा म्हणीन नि आजच फळी उचलीन."

साहेबांचा हात पुढे आला आणि अर्ध्यात थांबला.

"हे मला बोलता यायचं नाही, काकी," नारळाकडे बघत ते म्हणाले. "नुसती फळी असलेल्यांना कर नको, बाकीच्यांना ऐपतीप्रमाणे लावा, असं मी वर लिहितो. उत्तर येईपर्यंत कोणाकडून वसुली नाही."

लोक आनंदाने ओरडणार तेवढ्यात काकीने हात वर केला. तिचा कोणाच्या कोरड्या शब्दावर विश्वास नव्हता.

"हे पण नारळ घेऊन बोला."

मग साहेबांनी चपला काढल्या, नारळ दोन्ही हातांत घेतला आणि अस्सल देवरूखच्या चालीवर सगळं पुन्हा बोलले. ढोल कडाडला. "होय महाराजा" असं उठलं की कचेरीतले कारकून खिडक्यांत आले. त्या आवाजात काकीचा आवाज मात्र नव्हता. तिला रडू फुटलं होतं.

यंदा शिमग्यात पालखी गल्लीत आली ती थेट फळीपुढे थांबली. गाऱ्हाणं कोणी घालायचं यावर चर्चा झाली नाही. हर्षदने फळीवरचा एक नारळ उचलला आणि काकीच्या हातात दिला.