एका दोरावर दोघी

दिल्लीहून तार आली त्या दिवशी आमच्या वर्गानं नांदेडात नुसता धुमाकूळ घातला. छायाचित्रांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आमच्या पत्रकारितेच्या वर्गातल्या तिघांना बक्षिसं, आणि विद्यार्थ्यांतलं पहिलं मला! अख्ख्या वर्गाला मिळून एक कॅमेरा, तोही कॉलेजचा, पट्ट्याला सुतळीची गाठ मारलेला. पुण्या-मुंबईची पोरं गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवून हिंडतात असं आम्ही ऐकून होतो आणि त्यांच्यावर मनापासून जळत होतो. सरांनी स्वतः पेढे आणले. माझे पाय तर जमिनीला लागत नव्हते.

माझा फोटो दोन बायांचा होता. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. दुकानदार पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून काढत होते. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही नव्हता. मी लातूरचीच. सुट्टीला घरी आले तेव्हा कॉलेजचा कॅमेरा मागून आणला आणि मुरुडच्या पुढं एका गावाला एसटीतून उतरले. बौद्धवस्तीत शिरताना जयभीम केला. एका बाईनं बसवून घेतलं, बाप कुठला, आई कुणाची, सगळं विचारलं आणि आपल्यातलीच पोरगी म्हणून दुपारी मला स्वतःबरोबर पाण्याला नेलं.

वस्तीचा आड कधीच आटला होता. पाणी होतं ते एका शेतकऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीत, आणि त्या विहिरीला वस्तीचा हात लागायचा नाही, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. पण पाणी इतकं खोल गेलं होतं, की त्या घरच्या सुनेला भरला पोहरा एकटीनं ओढवेना. म्हणून शिवारात चिटपाखरू नसलं की दोघी मिळून दोर ओढायच्या आणि पाणी वाटून घ्यायच्या.

मला बघून सून दचकली. ‘ही कोण आणलीस गं?’

‘आपलीच हाय. नांदेडला शिकायली.’

सुनेनं थोडा विचार केला आणि मला म्हणाली, ‘काढ बाई फोटो. पण गावात कुणाला दावू नको.’

मी हो म्हटलं. खोटं म्हणाले असं नाही. माझ्या डोक्यात दिल्ली होती, आणि दिल्ली म्हणजे काही हे गाव नव्हे.

स्पर्धेचा मोठा फोटो भरपूर पाण्यात धुवावा लागतो, हायपोचं रसायन कागदात राहिलं तर तो पिवळा पडतो. वसतिगृहाचा नळ एक दिवसाआड यायचा. मी मैत्रिणींच्या भरलेल्या बादल्या पळवल्या आणि दुष्काळाच्या फोटोवर ओतल्या. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या, तेव्हा मला त्याचं हसूच आलं होतं.

‘फोटोखाली गाव लिही,’ सर म्हणाले. ‘नाहीतर परीक्षक म्हणतील, जुळवून आणलाय.’ सरांनी फक्त गाव लिहायला सांगितलं होतं. विहीर कुणाची, दोरावरची एक बाई कुठल्या घरची आणि दुसरी कुठल्या वस्तीतली, ही भर माझी. भाषणांनी जे झालं नाही ते दुष्काळानं करून दाखवलं, हे देशाला सांगायची मला घाई झाली होती. आपल्या माणसांचं आपण काही भलं करतोय, अशी माझी पक्की खात्री होती.

बक्षिसानंतर लातूरला कौतुक सुरू झालं. नव्या जिल्ह्याला कौतुकासाठी कुणीतरी हवंच होतं. कचेऱ्यांच्या रस्त्यावर एका सभागृहात आमचे फोटो लावले. कामाला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं सावलीला म्हणून आत यायची. मी दिवसभर माझ्या फोटोशेजारी उभी. एका वयस्कर माणसानं फोटोखालच्या ओळी ओठ हलवत वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि विचारलं, ‘ह्यो तू काढलास?’ मी ताठ मानेनं हो म्हटलं. ते मान हलवून निघून गेले. मला वाटलं, आवडला.

पुढं त्या दोघींसाठी फोटोच्या दोन प्रती घेऊन मी गावाला गेले. विहिरीभोवती बोराटीच्या काटेरी फांद्यांचे फास रचलेले होते. वस्तीतल्या बाईनं मला बसायला पोतं टाकलं आणि सांगितलं. सुनेचा सासरा लातूरला फोटो बघून आला होता. सुनेला शिरूरला, माहेरी नेऊन घातलं होतं आणि तिचं लेकरू ठेवून घेतलं होतं. ही स्वतः आता ओढ्याच्या वाळूत झरा उकरून वाटी-वाटीनं घागर भरत होती.

‘तिनं तुला सांगितलं व्हतं की, बाई,’ ती म्हणाली.

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. भांडण मला चांगलं जमतं. पण ती चढ्या आवाजात बोललीच नाही, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पेढे खाल्लेल्या तोंडाची शरम वाटली.

‘फोटो आणलास का?’ तिनं विचारलं.

मी दोन्ही प्रती पुढं केल्या.

‘एक तिच्या लेकराला दावते. शाळंच्या वाटंवर गाठते त्याला. आई कुठंय म्हणून लई रडायलंय. घरात तिचा फोटो बी न्हाई एक.’

ती फोटो घेऊन दारात उजेडाला गेली. उलटसुलट धरून बघितला, मग माझ्याकडं वळली.

‘हिचं तोंड कुठं दिसायलंय गं? लेकरू वळखंल कसं?’

दोर ओढताना सून वाकली होती आणि पदर पुढं आला होता. परीक्षकांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं होतं. त्या फोटोत तिला ओळखावं असं काहीच नव्हतं, खाली मी लिहिलेल्या त्या ओळींशिवाय.